बायोचार: पाचटाचा कोळसा रानात घालण्याआधी

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे ताम्रपाषाण युगातलं एक अख्खं खेडं उकरून काढलं. घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा, पुरलेले सांगाडे, नदीचं पाणी रानात घ्यायला खोदलेला पाट. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० एवढा काळ तिथे माणसं नांदत होती. ती काय पिकवत आणि काय खात, हे कळलं ते जळक्या दाण्यांवरून: सातू, गहू, मसूर, कुळीथ. आगीत सापडून, पण राख न होता नुसते काळे पडलेले दाणे तीन हजार वर्षं मातीत टिकले. न जळालेलं धान्य आणि काड केव्हाच कुजून मातीला मिळालं.

बायोचारचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. काडीकचऱ्यातला कार्बन जिवाणू खातात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन परत हवेत जातो. आपल्या उन्हात तर वर्षा-दोन वर्षांत. तोच काडीकचरा पुरेशी हवा न देता साडेतीनशे ते सातशे अंश सेल्सिअसला तापवला, तर त्यातलं पाणी, वायू आणि डांबरासारखे अंश निघून जातात. मागे राहिलेल्या कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट धरून कड्यांची जाळी करतात, आणि ही जाळी जिवाणूंना सहजी फोडता येत नाही. अर्थात इनामगावचे दाणे टिकले म्हणून प्रत्येक कोळसा टिकतो असं नाही. उत्खननात सापडतं ते उरलेलं. किती नाहीसं झालं ते सापडत नाही. म्हणून हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत तापमानानुसार अंदाज दिले आहेत. सहाशे अंशांच्या वर केलेल्या बायोचारमधला सुमारे ८९ टक्के कार्बन शंभर वर्षांनंतरही मातीत असेल, साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान केलेल्यातला ८०, आणि त्याहून कमी तापमानावर केलेल्यातला ६५ टक्के.

राख, कोळसा आणि बायोचार यांची गल्लत नेहमी होते. राखेत कार्बन जवळपास नसतो. पालाश, चुना आणि सिलिका तेवढी उरते. कोळसा जाळण्यासाठी केलेला असतो. बायोचार बनतो कोळशासारखाच, पण तो जाळायचा नसतो. मातीत, खतात, गोठ्यात किंवा काँक्रीटमध्ये घालायचा असतो, आणि त्यात काय आहे ते तपासलेलं असतं. या शेवटच्या अटीकडे आपल्याकडे सगळ्यांत कमी लक्ष आहे.

शिरूर आणि दौंड हा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तरी भीमा, घोड, मुळा-मुठा आणि कालव्यांच्या जिवावर इथे ऊस उभा आहे. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर हे कारखाने, आणि केडगाव-यवत-राहू पट्ट्यातली गुऱ्हाळं. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस किंवा चिपाड, इथे कधीच कचरा नव्हता. कारखान्याचा बॉयलर आणि गुऱ्हाळाचं चुलवण त्यावरच चालतं. खरा उरतो तो पाला. तोडणी झाली की एकरी तीन-चार टन वाळलेलं पाचट रानात पडून राहतं आणि बरेच जण ते पेटवून देतात. त्यांची कारणं खोटी नाहीत: पाचटाखाली उंदीर होतात, सरीत पाणी नीट पुढे सरकत नाही, खोडव्याचे फुटवे दबतात, आणि मजूर मिळत नाहीत. पण त्या आगीत पाचटातला सगळा सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक नत्र धूर होऊन जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बायोचारची जाहिरात करणारे ती सांगत नाहीत. पाचटाचा पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपयोग म्हणजे ते रानातच कुजवणं. कृषी विद्यापीठाची शिफारस जुनी आणि साधी आहे: बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं. पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि पाऊण ते एक टक्का पालाश असतं. ते असं हळूहळू पिकाला मिळतं, आच्छादनामुळे पाणी वाचतं, तण दबतं. कोळसा करताना यातलं बरंचसं नत्र उडून जातं. त्यामुळे खोडवा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला पाचटाचा बायोचार करा असा सल्ला कोणी देत असेल, तर त्याने आधी आच्छादन का नको ते सांगावं. बायोचार करायचा तो जे नाहीतर पेटवलंच जाणार आहे त्याचा: खोडवा मोडून दुसरं पीक घ्यायचं असेल तेव्हाचं पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडं, डाळिंबाच्या छाटणीचा फास, बांधावर माजलेली वेडी बाभूळ.

पाचटाचा कोळसा ही कल्पना परदेशातून आलेली नाही. पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आरती’ने, फलटण भागात तिच्यावर काम केलं. त्यांची भट्टी सुटसुटीत होती. लोखंडी भट्टीत पाचट ठासून भरलेली पिंपं उभी करायची, खाली पाचटाचाच जाळ करायचा. पिंपं तापली की त्यातून निघणारा ज्वलनशील वायू खालीच पेटतो आणि पुढचं काम स्वतःच्याच आचेवर होतं. कोळशाची भुकटी खळीत किंवा शेणकाल्यात मळून तिच्या कांड्या पाडायच्या. याच कामासाठी आरतीला २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. या कांड्यांसाठी केलेल्या ‘सराई’ कुकरमध्ये शंभर-दीडशे ग्रॅम कोळशावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होई.

त्या कामाचा उद्देश स्वयंपाकघरातला धूर कमी करणं हा होता, जमिनीत कार्बन पुरणं हा नव्हता. कांडी जळाली की तिच्यातला कार्बन हवेत गेला. तो मुळात उसाने हवेतूनच घेतलेला असल्याने नवा बोजा पडत नाही, लाकूडफाटाही वाचतो. पण त्याला कार्बन साठवला असं म्हणता येत नाही. आज कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे साठवलेल्या कार्बनच्या टनावारी विकल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, बाजारात हाच फरक पैशांचा आहे. तोच कोळसा, तीच भट्टी, पण शेगडीत गेला तर क्रेडिट शून्य आणि मातीत गेला तर क्रेडिट मिळतं. म्हणून प्रमाणन करणारे कोळसा प्रत्यक्ष मातीत मिसळल्याचे, जागेची नोंद असलेले फोटो मागतात.

बनवण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. वरून पेटवायचं साधं पिंप. हैदराबादच्या क्रिडा या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तेलाच्या पिंपापासून केलेली भट्टी, जिच्यात मका, एरंड, कापूस आणि तूर यांची काटकं वापरून पाहिली गेली. आणि २०१४ च्या सुमारास हान्स-पीटर श्मिट व पॉल टेलर यांनी पुढे आणलेली ‘कोन-टिकी’ ही उघडी, नरसाळ्याच्या आकाराची भट्टी. कोन-टिकीत थरावर थर टाकत जायचे. वरच्या जाळाचा पडदा खालच्या निखाऱ्यांपर्यंत हवा पोचू देत नाही आणि निघालेला धूरही त्याच जाळात जळून जातो. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवायचं. जमिनीत तसाच निमुळता खड्डा खणूनही हे जमतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ पासून मुलांना वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हाताने करायला शिकवलं. तसं शिकलेल्या कुठल्याही पोराला ही भट्टी बनवणं अवघड नाही. अवघड आहे ती शिस्त. माल वाळलेला हवा. ओलावा पंधरा-वीस टक्क्यांच्या वर गेला की भट्टी धुमसते आणि मिथेन सोडते, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापदायक आहे. मोकळं पाचट फार हलकं. उघड्या भट्टीत ते भडकतं आणि कोळशाऐवजी राखच जास्त देतं. म्हणून ते गाठी बांधून किंवा जाड काटक्यांमध्ये मिसळून टाकावं लागतं. सगळं नीट झालं तर टनभर सुक्या मालाचा अडीचशे ते तीनशे किलो कोळसा हाती येतो. गरम कोळसा ढीग करून ठेवला तर रात्रीत आपोआप पेट घेऊ शकतो, आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. ओला करून, तोंडाला फडकं बांधूनच तो हाताळावा.

आता माती. बायोचारने उत्पादन वाढतं का, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. २०१७ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधात सरासरी पंचवीस टक्के वाढ दिसली आणि थंड प्रदेशांत काहीच नाही. हा आकडा आपल्याकडे बैठकांमधून मोठ्या आवाजात सांगितला जातो. पण त्या वाढीचं कारण सहसा सांगितलं जात नाही. उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी बहुतांशी आम्ल आणि निकस होत्या, आणि बायोचारने तिथे चुन्याचं काम केलं. आपली काळी मुळातच चुनखडीयुक्त, सामू आठच्या आसपास. दौंडच्या कालव्याखालच्या आणि नदीकाठच्या कित्येक जमिनी पाणी देऊन देऊन खारवट, चोपण झालेल्या. पाचटाच्या कोळशाचा सामू नऊ-दहापर्यंत जातो. अशा रानात तो नुसता फेकणं म्हणजे दुखण्यात भर घालणं. चोपण जमिनीला आधी निचरा आणि जिप्सम लागतं.

मग त्याचा उपयोग कुठे? शिरूरच्या माळावरच्या मुरमाड, हलक्या जमिनीत, जिथे पाणी आणि खत दोन्ही ठरत नाही. बायोचारच्या एका ग्रॅमच्या भोकाभोकांतला पृष्ठभाग शंभर ते काही शे चौरस मीटर भरतो. पाणी, अमोनिया आणि पालाश त्याला धरून राहतात. पण तो कोरा घालायचा नाही. नवा माठ जसा पहिल्या दिवशी आपणच पाणी पिऊन टाकतो, तसा कोरा कोळसा पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडचं नत्र ओढून घेतो. म्हणून तो आधी शेणखतात, प्रेसमडच्या कंपोस्टमध्ये किंवा गोमूत्रात महिना-दोन महिने मुरवावा. माझ्या मते आपल्या भागात बायोचारची खरी जागा उकिरड्यात आणि कोंबड्यांच्या लिटरमध्ये आहे. तिथे तो उडून जाणारा अमोनिया धरतो, वास कमी करतो, आणि भारलेला होऊनच रानात पोचतो. प्रयोगांमध्ये हेक्टरी पाच ते वीस टन मात्रा दिली गेली आहे. एका एकराच्या पाचटाचा जेमतेम टनभर कोळसा होतो, तेव्हा ही मात्रा एका हंगामात आपल्याच रानातून निघणं कठीणच. पण तो दरवर्षी कुजून संपत नाही, साठत जातो. सरीत किंवा फळझाडाच्या आळ्यात नेमका टाकला तर थोडाही पुरतो.

शेतीबाहेरही मागणी आहे. काँक्रीटमध्ये भर म्हणून, पाणी गाळण्यासाठी, पोलाद उद्योगात दगडी कोळशाऐवजी, युरोपात तर जनावरांच्या खाद्यातही. प्रत्येक उपयोगाची कसोटी वेगळी, आणि मानकांचा प्रश्न इथे सुरू होतो.

२०१२ मध्ये दोन मानकं पुढे आली: इंटरनॅशनल बायोचार इनिशिएटिव्हचं आणि युरोपियन बायोचार सर्टिफिकेट. दोन्हींचा गाभा एकच. पहिली तपासणी हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंच्या गुणोत्तराची. ते ०.७ च्या वर असेल तर माल अर्धवट भाजलेला, त्याला बायोचार म्हणायचं नाही. ०.४ च्या खाली असेल तर तो उत्तम टिकणारा. डोळ्यांनी पाहून किंवा हाताने चोळून हे कळत नाही. काळं दिसतं ते सगळं सारखंच दिसतं. दुसरी तपासणी कार्बनच्या प्रमाणाची. आंतरराष्ट्रीय मानकात साठ टक्क्यांवर पहिला वर्ग, तीस ते साठ दुसरा, दहा ते तीस तिसरा. पाचटात सिलिका आणि माती बरीच, त्यामुळे त्याचा कोळसा लाकडाच्या कोळशाइतका शुद्ध निघत नाही. रानातून ओढताना माती कमी आली तर वर्ग सुधारतो.

तिसरी तपासणी विषारी अंशांची. कोळसा होताना निघालेला डांबरी धूर त्यावरच परत बसला तर पीएएच नावाची, कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायनं त्यात अडकतात. युरोपियन प्रमाणपत्रात शेतीसाठी त्यांची मर्यादा टनामागे सहा ग्रॅम, सेंद्रिय शेतीसाठी चार ग्रॅम. जड धातूंच्या मर्यादाही ठरलेल्या: शेतीच्या वर्गात टनामागे शिसं १२० ग्रॅम, कॅडमियम दीड ग्रॅम, पारा एक ग्रॅम. भट्टीत पाला जळतो, धातू जळत नाहीत. चार टनांचा एक टन झाला की बहुतेक धातूंचं प्रमाण तिप्पट-चौपट होतं.

दौंडकरांनी ही तपासणी कागदी सोपस्कार समजू नये. पुण्याचं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडून हवेली-दौंडच्या शेतीला दिलं जातं. मुळा-मुठेतली आणि भीमेतली जलपर्णी काढून तिचा बायोचार करू अशी कल्पना अधूनमधून निघते, आणि ऐकायला ती छानही वाटते. पण जलपर्णी पाण्यातले धातू शोषून घेण्यात पटाईत आहे. तिचा कोळसा काँक्रीटसाठी कदाचित चालेल, भाजीच्या वाफ्यासाठी तपासल्याशिवाय नाही. तसंच गुऱ्हाळाच्या चुलवणातल्या काळ्या अवशेषांचं. चिपाडाबरोबर प्लास्टिक आणि रबर जाळल्याच्या बातम्या या तालुक्यातून आल्या आहेत. ज्या जाळात काय गेलं याची खात्री नाही, त्यातला कोळसा फुकट मिळाला तरी घेऊ नये. मानक कच्च्या मालाची यादी आणि त्याचा उगम मागतं ते याचसाठी. कोळशासाठी जंगल तोडलं असेल तर तो कोळसा कार्बन बाजारातली प्रतिष्ठित मानकं सहसा स्वीकारत नाहीत, तेही याच कलमाने.

कारखान्यासारख्या बंद यंत्रांसाठी लिहिलेले नियम खड्ड्यातल्या भट्टीला झेपत नाहीत. म्हणून लहान शेतकऱ्यांसाठी ‘ग्लोबल आर्टिसन सी-सिंक’ नावाची वेगळी चौकट आहे. प्रशिक्षित माणूस, ठरलेली भट्टी, मोजलेलं आकारमान, प्रत्येक खेपेचे फोटो, आणि मिथेनचा वजावाटीत हिशेब. फिनलंडच्या प्युरो डॉट अर्थने २०१९ पासून आणि अमेरिकेच्या व्हेराने २०२२ पासून बायोचारच्या क्रेडिटचे नियम केले. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराहा या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत बायोचारची एक लाख टन क्रेडिट घेण्याचा करार केला. कच्चा माल गुजरातेतली वेडी बाभूळ. तेव्हापासून आपल्याकडेही गावोगाव माणसं फिरू लागली आहेत.

त्यांच्याशी बोलण्याआधी गणित करून पाहावं. टनभर पाचटाचा अडीचशे किलो कोळसा, त्यात साठ टक्के कार्बन धरला तर दीडशे किलो. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात साडेपाचशे किलो. शंभर वर्षांत ऐंशी टक्के टिकेल म्हणून ४४० किलो. म्हणजे एकराच्या पाचटातून सव्वा ते पावणेदोन टन, तेही मिथेन आणि वाहतुकीचं डिझेल वजा करण्याआधी. एका टनाला शंभर डॉलरच्या पुढे-मागे भाव मिळतो असं धरलं तरी त्यातून गाठी, मजुरी, प्रयोगशाळा, प्रमाणपत्र, नोंदणी आणि मधल्या कंपनीचा वाटा जायचा असतो. शेतकऱ्याच्या हाती उरेल ती रक्कम खोडव्याच्या खताचा खर्च थोडा हलका करील. उसाच्या बिलाशी तिची तुलना नको. ‘कोळसा विका आणि लखपती व्हा’ असं सांगणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

करार समोर आलाच तर चार गोष्टी मराठीत लिहून मागा. कोळसा कोणाच्या मालकीचा आणि क्रेडिट कोणाच्या नावावर. एकच क्रेडिट दोनदा विकलं जाणार नाही याची हमी. तुमच्या रानात पडणाऱ्या मालाचा सामू, क्षार, पीएएच आणि धातू यांचा अहवाल, तोही त्याच खेपेचा, गेल्या वर्षीच्या नमुन्याचा नव्हे. आणि पाचट दिल्यानंतर रानाचा जो सेंद्रिय कर्ब गेला त्याच्या बदल्यात किती बायोचार परत मिळणार. त्याआधी आपल्या मातीचा नमुना काढा. बारामतीला आणि नारायणगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. अहवालात सामू साडेआठच्या वर निघाला, तर बायोचारचा विषय त्या रानापुरता बाजूला ठेवा आणि निचऱ्याचे चर आधी काढा.